एरिया बघणारे दाजी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी गारखेड्याच्या दाजींचं नाव घेतो. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते सोडून. दाजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे, अक्काचे यजमान. एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. शहरात नव्यानं आलेल्या माणसानं कुठं घर घ्यावं हे सांगण्याचा त्यांना भारी नाद होता, आणि अख्ख्या शहरातला एकही भाग त्यांना पसंत नव्हता. ज्या भागात ते स्वतः राहत होते तोही नव्हता. 'भाग' असं मात्र ते म्हणत नसत, 'एरिया' म्हणत. "शहर वाईट नसतं रे ग्रॅज्युएट, एरिया वाईट असतो," हे वाक्य मी त्यांच्या घरी पहिल्या दिवशी, पायातल्या चपला काढायच्या आधी ऐकलं.

ग्रॅज्युएट म्हणजे मी. आमचं गाव कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. माझं बी.कॉम.चं प्रमाणपत्र आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फ्रेम करून देवांच्या फोटोंशेजारी लावलंय, त्यामुळं रोज त्यालाही उदबत्ती ओवाळली जाते. दाजी मला ग्रॅज्युएट म्हणायचे तेव्हा सुरुवातीला मला तो मान वाटायचा. पुढं लक्षात आलं, की एरवी ते मला नावानंच बोलावतात. मी काही मूर्खपणा केला की मग पदवीनं.

दाजींचा पहिला सिद्धांत असा, की शहरात घर घेताना गावाच्या उलट्या दिशेला घ्यावं. आमच्याकडचे लोक नेमके याच्या उलट करतात. पैठणचे पैठण रोडला घर बघतात, आमच्या कन्नडचे पडेगावकडं. एसटीतून उतरलं की घर, घरातून निघालं की एसटी. दाजी म्हणायचे, "ते घर नसतं, थांबा असतो. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस तिथं उतरतो." म्हणून त्यांनी मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, गारखेड्यात घर बांधलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की पाहुणे येताना रिक्षा करून येऊ लागले आणि इतक्या लांब आलोच आहोत तर, म्हणून दोन दिवस जास्त राहू लागले. मी गेलो तेव्हा हॉलमध्ये दवाखान्यात दाखवायला आलेले एक आजोबा, पोलीस भरतीची दोन पोरं आणि कोर्टाच्या तारखेला आलेले एक गृहस्थ होते. तारीख पुढं ढकलली होती म्हणून त्यांनीही मुक्काम पुढं ढकलला होता. त्या रांगेत माझी गादी पडली.

"तुमचा सिद्धांत चुकला की हो," असं मी एकदा धीर करून म्हणालो.

"सिद्धांत बरोबर आहे," दाजी म्हणाले, "आपले लोक चिवट आहेत."

मला एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत हिशेबाचं काम मिळालं होतं. मी कितीही दिवस त्या गादीवर काढले असते. पण त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला, शीतलला, शहरातल्या एका कॉलेजात फार्मसीला प्रवेश मिळाला. कॉलेजचं वसतिगृह भरलेलं होतं. अक्का म्हणाली, "इथंच राहू दे तिला." आबांनी मान हलवली. लेकीच्या घरी लेक ठेवायची नाही, हा आमच्याकडचा जुना नियम, आणि पुतणी झाली तरी लेकच. दिल्या घरावर किती भार टाकायचा? मुलगा टाकला होता तेवढा पुरे.

त्याच सुमाराला शेजारच्या गावातून शीतलला एक स्थळ आलेलं होतं. मुलाकडं स्वतःचा ट्रॅक्टर होता. मुलगा बरा होता, ट्रॅक्टर तर फारच चांगला होता. आबांनी फोनवर मला स्वच्छ सांगितलं, "कॉलेज सुरू व्हायच्या आत चांगली जागा बघ. जावईबापूनं हा एरिया चांगला म्हणलं, तरच पोरगी पाठवतो. नायतर त्या लोकांना होकार कळवून टाकतो. लई दिवस थांबत नसतेत लोकं."

म्हणजे माझ्या बहिणीचं शिक्षण आता एका गोष्टीवर अडलं होतं: ज्या माणसानं आजवर एकाही एरियाला चांगलं म्हटलं नव्हतं, त्यानं एका एरियाला चांगलं म्हणावं.

दाजींनी ही जबाबदारी फारच मनावर घेतली, तीच अडचण होती. रविवारी सकाळी ते मला स्कूटरवर मागं बसवून निघायचे. पाहणीची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी गच्च्यांकडं बघायचं. किती टाक्या, किती ड्रम, ड्रमवर झाकणं आहेत का. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काडेपेटी घ्यायची आणि विचारायचं, "पाणी कितव्या दिवशी सुटतं?" आमच्या शहरात माणसं जात विचारायच्या आधी हे विचारतात. जात त्यानंतर लगेच विचारतात. मग चहा घ्यायचा आणि चहावाल्यासमोरच निकाल द्यायचा.

निकाल ऑफिसच्या फाइलवर शेरा मारावा तसा असे. सिडकोत म्हणाले, "इथं शेजारी वारला तर पेपरात वाचून कळतं. नामंजूर." पुढच्या रविवारी सातारा परिसरात, "टँकर येण्याजाण्याचा रस्ता उत्तम आहे. म्हणजे नळ नाही. नामंजूर." एका ठिकाणी सगळं ठीक होतं. पाणी होतं, शेजार होता, घरमालकीण गरम पोहे घेऊन आली. दाजींनी पोहे संपवले. मग माझ्या कानाशी म्हणाले, "एवढं चांगलं आहे आणि रिकामं आहे. काहीतरी असणार." मी शिकलेला असल्यामुळं मला हे पटलं.

घरमालकांचीही एक पद्धत होती. पहिल्याच ठिकाणी मालकांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. "तसं नाही," ते म्हणाले, "म्हणजे मूळचे कुठले?" मी गाव सांगितलं. "नाही, म्हणजे... कसं?" मी तालुका सांगितला, जिल्हा सांगितला, आणि त्यांचं समाधान होत नाहीसं बघून पिनकोड सांगितला. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "ग्रॅज्युएट, ते पत्र टाकणार नाहीत तुला." पुढच्या घरी मात्र आत शिरल्या शिरल्या दाजींनीच मालकांना विचारलं, "आपण मूळचे कसं?" मालक ओशाळले आणि आम्ही वाचलो. खोली अर्थात नामंजूर झाली.

कॉलेज सुरू व्हायला आठवडा राहिला. ट्रॅक्टरवाल्यांचा माणूस आबांकडं दुसऱ्यांदा चहा पिऊन गेला.

तेव्हा शीतलचाच फोन आला. प्रवेशाच्या दिवशी तिला कॉलेजात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली होती. ती जुन्या शहरात, तटबंदीच्या एका दरवाजाच्या आतल्या गल्लीत, एका खालांच्या, म्हणजे मुसलमान मावशींच्या, माडीवरच्या खोलीत राहत होती. कॉलेज पायी अंतरावर. खाला फक्त शिकणाऱ्या मुलीच ठेवत. एक कॉट रिकामी होती. "दादा, मी विचारून ठेवलंय," शीतल म्हणाली. "दाजींना फक्त हो म्हणायला लाव."

मी जेवताना विषय काढला. दाजींचा घास हातात राहिला.

"तो एरिया? अरे, वीस वर्षं झाली मला या शहरात. त्या दरवाजाच्या आत मी पाऊल ठेवलेलं नाही."

"मग एरिया कसा आहे ते कसं कळलं?" अक्कानं विचारलं.

"वाईट आहे म्हणून तर ठेवलं नाही."

अक्का भाकरी वाढत म्हणाली, "हिमायतबागेतले पेरू आणायला गल्लीतल्या पोराला पाठवता ते त्याच बाजूनं येतात ना? गोड लागतात."

"पेरूचं वेगळं असतं," दाजी म्हणाले. पण नियम म्हणजे नियम. पाहणी केल्याशिवाय शेरा मारता येत नव्हता. "उद्या जाऊ आणि रीतसर नकार देऊन येऊ," ते म्हणाले.

खालांचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, मधे लहानसं अंगण, अंगणात एक आड आणि बाजूनं माडीवर जाणारा जिना. त्यांच्या यजमानांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, आता मुलगा बघत होता. खाला अंगणात मेथी निवडत होत्या. दाजींनी सवयीप्रमाणं वर गच्चीकडं बघायला सुरुवात केली, तेवढ्यात खालांनी सुरू केलं.

"रहते किधर तुम लोगां?"

"गारखेड्यात," दाजी छाती काढून म्हणाले.

खालांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "गारखेडा? उधर तो सब बाहर के लोगां आके बस गए ना. किसीकू किसीका पता नहीं. मेरी भांजी थी उधर साल भर. नक्को बाबा, अच्छा एरिया नहीं वो."

आजवर त्यांनी गारखेड्याला जेवढ्या शिव्या घातल्या होत्या, तेवढ्या शहरात कुणी घातल्या नसतील. पण तो घरचा मामला होता. ते गारखेड्याची बाजू मांडू लागले. शाळा, बाग, रुंद रस्ते, सुशिक्षित शेजारी. खाला ऐकून घेत होत्या आणि मेथी निवडता निवडता पुढचं विचारत होत्या. नोकरी कसली? पान-तंबाखू खाता का? घरी पाहुणे किती येतात?

"पाहुणे तसे..." दाजी अडखळले.

"हॉल भरलेला असतो," मी खरं ते सांगितलं.

"ग्रॅज्युएट, गप," दाजी म्हणाले.

"फिर वो सब इधर भी आएँगे?" खाला म्हणाल्या.

आणि मग मी माझ्या डोळ्यांनी असं पाहिलं, की जो माणूस नकार द्यायला आला होता तो हात जोडून सांगतोय, "नाही खाला, गावाकडच्या एकाही माणसाला मी हा पत्ता कळू देणार नाही. माझी जबाबदारी."

खाला म्हणाल्या, "ऊपर जाके देखो."

माडीवर दोन कॉट होत्या. एका कॉटवर ती तिसऱ्या वर्षाची मुलगी मांडी घालून वाचत बसली होती. दार उघडंच होतं. आम्ही आत गेलो, खिडकी उघडून बघितली, दाजींनी कॉट हलवून बघितली, आणि बाहेर आलो. तिनं मान वर केली नाही. दाजी जिन्यावर थांबले. खालच्या आवाजात म्हणाले, "आपण आलो ते तिला कळलंच नाही रे. माझ्या घरात असं कुणी कधी वाचलं नाही. आमचा पोरगा बिचारा संडासात पुस्तक घेऊन बसायचा."

अंगणात आल्यावर खालांनी अट घातली. "लड़की के बाप कू लेके आओ. बाप कू देखे बगैर मैं किसी की लड़की नहीं रखती."

परत येताना क्रांती चौकात सिग्नलला दाजी म्हणाले, "बाईनं मला नापास करत आणलं होतं." सिग्नल सुटल्यावर म्हणाले, "खोली सोडायची नाही."

अडचण अशी होती, की त्या गल्लीचं नाव ऐकलं असतं तर आबा गावातून निघालेच नसते. आणि त्यांचं हे मत दाजींनीच बनवलं होतं. दर दिवाळीला गावी येऊन शहराच्या एरियांवर दाजींचं व्याख्यान होत असे आणि अख्खी आळी ते ऐकत असे. वीस वर्षांची मेहनत होती ती. दाजींनी फोन लावला. "मामा, खोली बघितली. एरिया चांगला आहे." हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, त्यामुळं दोनदा म्हणावं लागलं. "कुठं? गारखेड्याला लागूनच. तुम्ही बघायला या."

आबा दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आले. बसस्थानकापासून खालांचं घर अगदी जवळ. दाजींनी आबांना स्कूटरवर मागं घेतलं आणि उलट्या दिशेला निघाले. मी रिक्षानं मागं. आधी गारखेड्यात आमच्या गल्लीवरून एक चक्कर, आबांनी घर ओळखावं म्हणून. मग सिडको, मग आणखी कुठले कुठले रस्ते, आणि शेवटी जुन्या शहरात. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर आबा धोतर झटकत म्हणाले,

"जावईबापू, निघालो तवा सूर्य डाव्या हाताला व्हता. आता उजव्या हाताला हाय. ही जागा गारखेड्याला लागून हाय का गारखेड्याला पाठ करून?"

दाजी हेल्मेट काढायच्या निमित्तानं त्यातच थांबले. आबा इथूनच मागं फिरले असते तर शीतलचं कॉलेज तिथं, त्या गल्लीच्या तोंडाशीच संपलं असतं. खाला दारात आल्या. डोक्यावर पदर घेत चांगल्या मराठीत म्हणाल्या, "या भाऊ. उन्हातून आलात. आत बसा."

दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, तसं दारात उभ्या बाईलाही म्हणता येत नाही. आबा आत गेले, पण बसले नाहीत. अंगणातल्या आडाकडं गेले. वाकून आत बघितलं. एक खडा टाकला आणि कान दिला. मग रहाटाला हात घालून थोडं पाणी काढलं, ओंजळीत घेऊन चूळ भरली आणि दुसरी ओंजळ प्यायली.

"उन्हाळ्यात आटतो का?"

"माझ्या सासूनं आटलेला बघितला नाही, मी पण नाही," खाला म्हणाल्या. "नळ येवो न येवो, मुलींची आंघोळ चुकत नाही."

"सारे शेजारी नेतेत का?"

"नेतात. नाही कसं म्हणायचं?"

आबांनी बादली खाली ठेवली. त्यांनी शेतातल्या अद्रकाला पाणी देण्यात आयुष्य काढलं होतं. मग खाला त्यांना विचारत राहिल्या. पोरीला किती शिकवणार? मधेच लग्नासाठी नेणार का? नेणार असाल तर आत्ताच सांगा, कॉट अडवू नका. आबा पहिल्यांदा गडबडले. ट्रॅक्टरवाल्यांचं त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

"नाय," ते म्हणाले. "पुरं शिकंल."

"वचन?"

"व्हय. वचन."

चार माणसांसमोर दिलेलं वचन आमच्याकडं कागदापेक्षा जड असतं. ट्रॅक्टर त्या दिवशी परत फिरला. परतताना आबा दाजींना एवढंच म्हणाले, "खोटं बोलायचं तर ढगाळ दिवस बघायचा, जावईबापू."

शीतल चार वर्षं तिथं राहिली. गावाकडच्यांना पत्ता कळू द्यायचा नाही हे वचन दाजींनी कडक पाळलं. मोडलं ते त्यांनी स्वतःच. दर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर 'पोरीची चौकशी' म्हणून ते तिकडं जायचे, अंगणात बसून खालांशी एरियांवर वाद घालायचे आणि जेवून यायचे. खाला दौलताबादच्या पलीकडं कधी गेल्या नव्हत्या, पण त्यांचीही मतं ठाम होती. दोघांचं एकमेकांशी छान जमलं. बाकीच्या एरियांबद्दलची दाजींची मतं मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. माणूस एका घरापुरता बदलतो, आणि मला वाटतं तेवढं पुष्कळ असतं.

निवृत्तीनंतर मुलानं त्यांना आणि अक्काला पुण्याला नेलं. घर मुलानंच बघितलं, दाजींना विचारलं नाही. गारखेड्याचं घर आता भाड्यानं दिलंय. दाजींना अलीकडं ऐकू कमी येतं, फोनवर ते आपलंच बोलत राहतात. म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप दाजींना साष्टांग नमस्कार.

अक्काच्या फोनवरून कळलं, की तुम्ही तिकडं खाली फिरायला उतरत नाही आणि बाल्कनीतूनच नावं ठेवता. तब्येत जपा.

मुख्य सांगायचं म्हणजे शीतलला हैदराबादला एका औषध कंपनीत नोकरी लागली. तिनं खोलीही घेतली. आपल्याला घेतल्यावर सांगितलं. एकटीच गेली, चार ठिकाणं बघितली, एक ठरवली. घरमालकीण पहिल्या दिवशी तिच्याशी बोलली तेव्हा शीतलनं खालांच्या घरची दखनी बोली लावली, तिकडंही तशीच बोलतात, त्यामुळं ती बाई हिला तिथलीच समजली. मूळचं कसं, काय, कुणी काही विचारलं नाही म्हणे. किंवा विचारलं असेल आणि हिनं सांगितलं नसेल.

आबांनी फोनवर विचारलं, "दाजीनं एरिया बघितला का?" ती म्हणाली, "मी बघितला." मी तेव्हा गावीच, शेजारी उभा होतो. आबा म्हणाले, "बरं." आणि गोठ्याकडं गेले. दाजी, त्या सकाळी तुम्ही आबांना सरळ रस्त्यानं नेलं असतं, तर हे एका शब्दाचं उत्तर आमच्या घरात कधी आलं नसतं. मला एवढंच तुम्हाला लिहायचं होतं. समोर असताना बोलता आलं नाही.

तुम्हाला विचारलं नाही म्हणून रागावू नका. तिनं मला लिहायला सांगितलंय, की नव्या खोलीत पहिले पाहुणे तुम्ही आणि अक्का. दोन गाद्या तिनं आणून ठेवल्यात. तिकिटं मी काढतो. चांगले आठ दिवस राहा. फक्त पहिले दोन दिवस तरी एरियाला काही म्हणू नका.

तुमचा,
ग्रॅज्युएट